पुलमन गावचे घरभाडे

आज १ मे. महाराष्ट्र दिनाबरोबरच आज कामगार दिन आहे, आणि त्याचे मूळ शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी दिलेल्या लढ्यात आहे. खुद्द अमेरिकेत मात्र कामगारांची सुटी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते. त्या सुटीच्या कायद्यावर अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी २८ जून १८९४ रोजी सही केली, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच त्यांचे सैन्य संपकऱ्यांविरुद्ध शिकागोत उतरले. एका हाती सुटी, दुसऱ्या हाती संगीन!

हा संप पुलमनचा. रेल्वेचे शयनडबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी शिकागोजवळ कामगारांसाठी एक नमुनेदार गाव वसविले होते. पक्की घरे, बागा, वाचनालय, सारे काही होते. पण घर कंपनीचे आणि भाडेही कंपनीचेच. १८९३ च्या मंदीत कंपनीने मजुरी सुमारे चतुर्थांशाने कापली, घरभाडे मात्र एका सेंटानेही उतरविले नाही, आणि भागधारकांचा लाभांशही बिनबोभाट चालू ठेवला. गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या मंडळींपैकी तिघांना कामावरून दूर करण्यात आले, तेव्हा ११ मे १८९४ रोजी संप सुरू झाला. मालकाची दानत कितीही थोर असो, कामगाराच्या हक्काची जागा ती घेऊ शकते काय? आमच्या मते, मुळीच नाही.

युजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे ओढण्यास नकार दिला आणि देशातील बरीच रेल्वे वाहतूक ठप्प झाली. न्यायालयाने मनाई हुकूम काढला. त्याच्या आधारांपैकी एक होता १८९० चा शर्मन कायदा, जो बड्या भांडवलदारांच्या मक्तेदारीला लगाम घालण्यासाठी केला होता! डेब्ज यांना सहा महिन्यांचा तुरुंगवास घडला, आणि १८९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो मनाई हुकूम उचलून धरला. संघटित होण्याच्या व सामुदायिक वाटाघाटीच्या हक्काला व्यापक कायदेशीर संरक्षण मिळण्यास १९३५ चा वॅग्नर कायदा यावा लागला.

आम्ही शाळेत इतिहास शिकवीत असू, तेव्हा ही कथा येथेच संपवीत असू. आज तसे करणे अप्रामाणिकपणाचे वाटते. कारण याच युनियनने १८९४ च्या अधिवेशनात, डेब्ज यांचा विरोध असतानाही, कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले होते. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची अंथरुणे घालणारे आणि बूट पुसणारे पोर्टर बहुतेक सारे कृष्णवर्णीयच होते. बंधुत्वाच्या घोषणेत त्यांना जागा नव्हती. त्यांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली आपली स्वतंत्र संघटना उभारली, बारा वर्षे झुंज दिली आणि १९३७ मध्ये पुलमन कंपनीला करारावर सही करावयास लाविले. त्यांना दाराबाहेर ठेवणारी युनियन त्यापूर्वी चाळीस वर्षे विसर्जित झाली होती.