सफरचंदाची चकाकी

आपल्या बालाघाटाच्या रानात सीताफळ मुबलक. सफरचंद मात्र काश्मीर वा हिमाचलाहून पेटीबंद येते. भाद्रपदात नवा माल बाजारात उतरतो. चैत्र-वैशाखात मिळणारे फळ बहुधा शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेले असते. घेताना रंगास भुलू नये. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबावे; दबले, तर आतून पिठूळ झाले असे समजावे.

खरा विचार चकाकीचा. फळ टिकावे म्हणून त्यावर मेणाचा पातळ लेप देण्यास कायद्याने मुभा आहे. तो कार्नोबा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांचा असेल, तर प्रश्न नाही. पण मधमाशीचे मेण आणि लाखेच्या किड्यापासून मिळणारे शेलॅक यांनाही तीच मुभा आहे. ज्या घरात मध वर्ज्य, तिथे हे मेण कसे चालावे? नुसत्या पाण्याने ते निघत नाही. विक्रेत्यास विचारावे, खात्री न पटल्यास साल काढावी. सालीबरोबर काही सत्त्व जाते, हे मान्य; मी तरी ते जाऊ देते. फळ अखंड चावू नये, चिरून, गाभा पाहूनच खावे.

फ्रिजमध्ये पिशवीत ठेवल्यास ते काही आठवडे टिकते. बटाट्यांपासून दूर ठेवा, हा नेहमीचा सल्ला आपल्या घरांना लागू नाही. कच्च्या केळ्यांपासून मात्र जरूर दूर ठेवावे. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने भाजीची केळी लवकर पिकतात.

पिठूळ निघालेली फळे टाकू नयेत. तुपात जिरे, हिंग, हिरवी मिरची घालून फोडी परताव्यात, मीठ व चिमूटभर गूळ घालून पाच मिनिटे झाकण ठेवावे. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी फार रुचकर लागते.