सोडतीला निकाल म्हणू नका!

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पोटासाठी मास्तरकी धरली आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहिल्या. असा माणूस मशीन लर्निंगच्या जागतिक परिषदांवर लिहू लागला, तर "मास्तर, हा तुमचा प्रांत नव्हे" असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे. यंत्राला कसे शिकवतात यातले मला ओ की ठो कळत नाही. पण परीक्षक, गुण, निकाल आणि निकालाची वाट पाहून सुकलेले पोर, या गोष्टी मी वीस वर्षे रोज पाहत आलो आहे, आणि माझे भांडण तेवढ्यापुरतेच आहे.

2023 सालची दिवाळी. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, 12 नोव्हेंबरला आले होते. माझा भाचा परदेशात याच शास्त्रात डॉक्टरेट करतो. तो चार वर्षांनी घरी आला होता. ताईने पहाटे चारला बंब पेटवला, उटणे कालवले, आणि "अरे, ऊठ" म्हणून हाक मारायला गेली, तर स्वारी जागीच! मांडीवर लॅपटॉप, डोळे तांबारलेले. दोनच दिवसांपूर्वी आयसीएलआर नावाच्या परिषदेकडे धाडलेल्या त्याच्या निबंधाची परीक्षणे आली होती. चार परीक्षक, चार गुण : 6, 6, 5, 5. खरा निकाल जानेवारीत. मधल्या दोन महिन्यांत लेखकाने परीक्षकांच्या शंकांना उत्तरे द्यायची, आणि मग त्यांच्या वरचा नियामक 'घ्या' किंवा 'नको' म्हणणार.

त्या परिषदेची गुणांची पट्टी त्याने मला दाखवली. 1, 3, 5, 6, 8, 10. चार नाही, सात नाही! 5 म्हणजे 'स्वीकाराच्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडे' आणि 6 म्हणजे 'किंचित पलीकडे'. उंबरठ्यावर क्षणभर थांबण्याची मुभा परीक्षकाला नाही. पुढे ही पट्टी बदलली. उंबरठा मात्र आहे तिथेच आहे.

पण भाचा रात्रभर जागला तो निबंध सुधारण्यासाठी नव्हे. या परिषदेची जुनी परीक्षणे आणि निकाल सगळ्यांना पाहायला खुले असतात. त्यावरून मागच्या वर्षी साडेपाच सरासरीचे किती निबंध घेतले, याचा ताळा तो मांडत होता. एका हिशेबाने आशा शेकडा 38 निघाली, दुसऱ्याने 51. आंघोळ झाली, फराळ झाला, शेजारची मंडळी येऊन गेली. हा मधूनच उठून पाही, कोणी 5 चे 6 केले का! त्याच्यासारखी हजारो पोरे त्या आठवड्यात हेच करत होती, असे तोच म्हणाला.

हा उद्योग मला मान्य नाही. "मामा, हे ज्योतिष नव्हे, हे संख्याशास्त्र आहे," असे भाचा म्हणाला. असेल. पण 38 म्हटल्यावर निबंध घेतला गेला तरी आकडा बरोबर, आणि परत आला तरीही बरोबर! आमच्या गावचे जोशीबुवा याहून धीट होते. ते 'मुलगा होईल' म्हणत, आणि मुलगी झाली की चार दिवस तोंड लपवीत.

एका निबंधावरून नाही, पण हजारोंवरून असा आकडा तपासता येतो, हे मी मानतो. आणि तो तपासलाही गेला आहे. न्यूरिप्स नावाची दुसरी मोठी परिषद आहे. 2021 साली तिने लेखकांना आधीच विचारले, की तुमचा निबंध घेतला जाण्याची शक्यता किती वाटते? मधला अंदाज आला शेकडा 70. प्रत्यक्षात घेतले गेले शेकडा 25 च्या आसपास. अडाणी लोकांचा हा अंदाज नव्हे; संभाव्यतेच्या गणितावर ज्यांची भाकरी चालते त्या मंडळींचा! स्वतःचे पोर आणि स्वतःचा निबंध यांच्यापुढे सगळेच मॅट्रिक.

कोणी म्हणेल, तो परीक्षणे येण्यापूर्वीचा अंदाज. गुण हाती आल्यावर तो सुधारणारच. टोकांना सुधारतो, हे खरे. सगळ्यांनी 8 दिले तर पेढे आणावे, सगळ्यांनी 3 दिले तर दुसरी परिषद शोधावी. पण त्यासाठी गणित कशाला हवे? गणित मांडायला बसतो तो मधल्या गर्दीतला. आणि नेमक्या त्या गर्दीत अंदाज बांधावा असे काही शिल्लकच नसते, हे माझे म्हणणे.

ते माझ्या पदरचे नव्हे. 2014 साली याच परिषदेने, तेव्हा तिचे नाव निप्स होते, एक धाडस केले. कोरिना कोर्टेस आणि नील लॉरेन्स हे त्या वर्षी निवडीचे प्रमुख. आलेल्या 1,678 निबंधांपैकी 166 निबंध त्यांनी दोन स्वतंत्र मंडळांकडे दिले. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही. 43 निबंधांवर दोन मंडळांची तोंडे दोन दिशांना झाली. 'चौथा हिस्साच ना?' असे म्हणून समाधान मानू नका. बहुतेक निबंध नाकारायचेच असतात, त्यामुळे एकमत झाले ते मुख्यतः नकारावर. एका मंडळाने जे निवडले, त्यातले निम्म्याच्या आसपास दुसऱ्याने नाकारले! डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या, तर चारातले तीन गळले असते. विद्वानांनी महिनोन् महिने वाचून सुधारणा केली ती एवढीच. 2021 साली 882 निबंधांवर पुन्हा तोच प्रयोग झाला. शेकडा 23 निबंधांवर मतभेद, आणि घेतलेल्यांची निम्मी यादी बदलली असती असाच निष्कर्ष.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. त्याच दोघा प्रमुखांनी सात वर्षांनी 2014 चे दप्तर पुन्हा उघडले. ज्या निबंधाला परीक्षकांनी जास्त गुण दिले, त्याचा पुढे जास्त उल्लेख झाला का, हे पाहिले. स्वीकारलेल्या निबंधांत त्या दोहोंचा काही संबंधच आढळला नाही. शब्दांना आकड्यांचे रूप देण्याची टोमास मिकोलोव्ह यांची रीत 2013 साली आयसीएलआरने मुख्य परिषदेतून परत धाडली. त्याच कल्पनेवरचा त्यांचा पुढचा निबंध 2023 साली न्यूरिप्सने दहा वर्षे टिकलेले काम म्हणून गौरवला.

परीक्षकांना मी शिव्या देत नाही. तेही बहुधा दुसरे लेखकच. स्वतःचा निबंध टांगणीला लावून दुसऱ्याचे पाच-सहा तपासणारे. 2025 साली न्यूरिप्सकडे 21,575 निबंध आले. इतके निबंध निवांतपणे वाचणारी माणसे आणायची कोठून? आणि माझेच हात कुठे स्वच्छ आहेत! एकदा एका मुलाचा निबंधाचा सुटा कागद माझ्या टेबलावर गठ्ठ्यात दबला. हरवला समजून बिचाऱ्याने तोच निबंध वहीत पुन्हा लिहून दिला. मी दोन्ही तपासले, आठवड्याच्या अंतराने. कागदावर दहापैकी 5, वहीत 8. अक्षर तेच, वाक्ये तीच, मास्तर तोच. कागद तपासला तेव्हा पगार रखडला होता, एवढाच फरक. मुलाने दोन्ही माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "गुरुजी, माझे गुण किती?" मी 8 कायम केले, पण बाकीच्या चाळीस वह्यांचे काय, हे त्यालाही विचारावेसे वाटले नाही आणि मलाही सांगावेसे वाटले नाही.

तेव्हा माझा राग माणूस चुकतो यावर नाही. चिठ्ठीला गुणवत्तेचे सोवळे नेसवतात, यावर आहे. निबंध परत आला की पोराला 'तू कमी पडलास' असे वाटते. त्याच्या नोकरीचा, शिष्यवृत्तीचा, परदेशातल्या मुक्कामाचा हिशेब या यादीवरून होतो. आणि शक्यतेचे कोष्टक मांडणारा तो पोरगाच या ढोंगाला मान देतो. कारण 38 की 51 असा खल करताना त्याने गृहीत धरलेले असते, की पलीकडे कोणी तोलून पाहत आहे.

मग करावे काय? उघड सोडत काढावी! टोकाचे निबंध परीक्षकांनी खुशाल निवडावे वा टाकावे; मधल्यांच्या चिठ्ठ्या घालाव्या आणि तसे जाहीर लिहावे. हा मास्तरी विक्षिप्तपणा नव्हे. न्यूझीलंडचे हेल्थ रिसर्च कौन्सिल 2013 पासून काही संशोधन-अनुदाने पात्र अर्जांतून अशीच काढते. ब्रिटिश अकॅडमीने 2022 साली लहान अनुदानांसाठी तीच रीत धरली.

आणि आपल्याला सोडत काय नवी आहे? शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळांतल्या शेकडा 25 जागांसाठी महाराष्ट्रात सोडत निघते. आमच्या आळीतल्या कितीतरी आया त्या यादीकडे डोळे लावून बसतात. नंबर लागला नाही की वाईट वाटते, चुलीपुढे डोळे पुसले जातात. पण आजवर एकाही आईने आपल्या लेकराला 'तू ढ आहेस म्हणून नाव आले नाही' असे म्हटलेले मी ऐकले नाही.

भाच्याच्या निबंधाचे जानेवारीत काय झाले, ते मी मुद्दाम लिहीत नाही. घेतला असे लिहिले तर तुम्ही म्हणाल, 'मग तक्रार कसली?' नाकारला असे लिहिले तर म्हणाल, 'म्हणूनच मामा चिडले!' त्या पाडव्याला मात्र ताईने ओवाळण्याचे ताट हातात घेऊन त्याला विचारले होते, "पास झालास का रे?" त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "आई, अजून चिठ्ठी निघायची आहे." ताईने कपाळाला कुंकू लावले आणि चकलीची ताटली पुढे सरकवली.