वीकेंड, राजगड आणि पासवर्ड फोडणे

पाऊस सुरू झाला की पुण्यातली अर्धी आयटी जनता भोर-वेल्ह्याकडे सुटते. मीही त्यातलाच. पण मंडळी, यंदा एक तरी शनिवार-रविवार घरी बसून पासवर्ड फोडा, असं माझं मत आहे! (कोड्यातले हं, शेजाऱ्याचे नाहीत.)

कोडी फुकट मिळतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१३ मध्ये शाळकरी मुलांसाठी सुरू केलेलं पिकोसीटीएफच घ्या. एका प्रकारात नुसता हॅश देतात आणि मूळ शब्द शोधायला सांगतात. हॅश उलटा फिरवता येत नाही. म्हणून एक शब्द धरायचा, त्याचा हॅश काढायचा, जुळतो का बघायचा, नाहीतर पुढचा शब्द. त्यासाठी यादी लागते. २००९ मध्ये रॉकयू कंपनीच्या ३ कोटी २० लाख खात्यांचे पासवर्ड चोरीला गेले, तेही जसेच्या तसे लिहून ठेवलेले! पहिला नंबर १२३४५६ चा. आजही नवखे त्याच यादीवर हात साफ करतात.

दुसऱ्या प्रकारात पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्रॅम मिळतो, सोर्स कोड नाही. आधी स्ट्रिंग्ज कमांड चालवून फाइलमधला वाचता येणारा मजकूर बघायचा. कधीकधी पासवर्ड तिथेच पडलेला असतो! नाहीतर घिड्रामध्ये उघडून तुलना नेमकी कुठे होते ते हुडकायचं.

मित्र म्हणतात, नुसता टीपी आहे हा. मला नाही पटत. लॉगिनची पानं आपणच लिहितो ना? 'चालतंय की' म्हणून एमडी५ आपणच ठेवतो. आरटीएक्स ४०९० हे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे १६४ अब्ज एमडी५ काढतं. आठ छोट्या इंग्रजी अक्षरांचे सगळे पासवर्ड मिळून सुमारे २०९ अब्ज. म्हणजे सव्वा सेकंदात खेळ खलास! तेच बीक्रिप्ट, कॉस्ट १२ ठेवून वापरलं, तर त्याच कार्डाला चार वर्षांहून जास्त लागतील. ट्रेनिंगच्या स्लाइडवरचे हे आकडे आपण चहापर्यंत विसरतो. आपण निवडलेला 'अवघड' शब्द डोळ्यांसमोर पडला की मात्र विसरत नाही. आणि भोरच्या पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्या आजीला हॅश म्हणजे काय ते कशाला माहीत असेल? ते माहीत असणं आपलं काम.

राजगडावर संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी बघितलीत? बाहेरचा तट पडला तरी आतला उभा. बांधणाऱ्याने आधी शत्रूच्या डोळ्यांनी गड पाहिला, म्हणून ते सुचलं. आपल्याला कॉलेजात फक्त बांधायला शिकवतात.

असो. एक मात्र लक्षात ठेवा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलात तर आयटी कायदा २००० चं कलम ६६ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोड्यांपुरतंच ठेवा.

आणि सोमवारी ऑफिसात गेलात की आपल्या प्रोजेक्टमध्ये पासवर्ड कसे साठवतात, एवढं विचारून बघा. उत्तर एमडी५ आलं, तर पुढचाही वीकेंड गेलाच म्हणून समजा :)