जुनं ते सोनं, पण तासाला किती?

‘जुनं ते सोनं’ ही म्हण निदान सराफाने तरी काढली नसावी. जुनं सोनं घेताना तो आधी घट कापतो. बँकेतही सोनेतारण कर्ज देण्याआधी दागिना कसोटीवर घासला जातो; तो पणजीच्या लग्नातला आहे म्हणून कोणी रुपयाही जास्त देत नाही. हा साधा हिशेब सोनेगावच्या धावपट्टीवर मात्र कोणाला मान्य नाही.

मी बी.कॉम. विमानविद्येशी माझा संबंध एवढाच, की अधूनमधून एखादा बाप पोराला पायलट करायचं म्हणून सातबारा घेऊन शाखेत येतो आणि त्या अर्जावरची बेरीज तपासायला माझ्याकडे येते. व्यावसायिक परवान्याला २०० तास उडावं लागतं. तासाचा दर गुणिले २०० असा आकडा कॅल्क्युलेटरवर उमटला, की बाप खिडकीबाहेर बघू लागतो. पोरगा तर आधीपासूनच वर बघत असतो.

आमच्या आळीत एक निवृत्त काका आहेत. त्यांना विमानातलं सगळं कळतं. ‘ट्रेनिंगले सेसनाच पायजे बावा,’ ते बजावतात, ‘हे प्लॅस्टिकचे पतंग म्हंजे काय विमानं आहेत काय?’

सेसना म्हणजे सेसना १५२. नागपूर फ्लाइंग क्लबमुळे आम्हां लोकांच्या ओळखीची. गुणी विमान, त्याबद्दल वाद नाही. शिकाऊ पोराने धावपट्टीवर धाडकन आपटलं तरी ते कुरकुरत नाही. पण त्याचं उत्पादन १९७७ साली सुरू झालं आणि १९८५ साली थांबलं. म्हणजे त्यातल्या सर्वांत तरुण विमानाने चाळिशी गाठली आहे. चाळिशीत माणसाचं काय होतं ते मी स्वतःवरून सांगू शकतो. चालतो, पण सुट्या भागांचा खर्च वाढतो.

आता वजन बघा. ही बाई रिकामी असताना साधारण ५०० किलो भरते आणि सगळं मिळून ७५७ किलोंपर्यंत उडते. म्हणजे माणसं नि पेट्रोल धरून अडीचशे किलो उचलते. नवं हलकं विमान स्वतः साडेतीनशेच्या आसपास, एकूण मर्यादा ६०० किलो. उचलतं तेवढेच अडीचशे! एकच पोतं उचलणारे दोन हमाल असतील आणि त्यातला एक दीडपट जेवत असेल, तर कोणता ठेवाल? सेसना तासाला बावीस-तेवीस लिटर पिते, तेही विमानाचं खास शिसेयुक्त पेट्रोल. ते २०२२ सालापर्यंत आपल्याला परदेशातून आणावं लागत होतं. मग इंडियन ऑइलने बडोद्याला काढायला सुरुवात केली. नव्या विमानातलं रोटॅक्स इंजिन पंधरा-सोळा लिटरमध्ये भागवतं आणि मोटारीचं पेट्रोलही त्याला चालतं. २०० च्या २०० तास हलक्या विमानावर काढा असं मी म्हणत नाही, नियमही काढू देत नाहीत. निम्मे धरा. १०० तासांत ७०० लिटर वाचले. तेवढ्या पेट्रोलवर माझी स्कूटर कामठी-नागपूर ये-जा तीन वर्षं करील आणि वर दिवाळीला रामटेकला नेऊन आणील.

काकांचा हुकमाचा एक्का वेगळाच आहे. ‘मंग सेसनावाल्यांनीच थे हलकं विमान काढलं होतं, थे काहून बसलं?’ खरं आहे. स्कायकॅचर हे विमान त्यांनी २००७ साली जाहीर केलं, २०१३ साली गुंडाळलं आणि न खपलेली विमानं चक्क मोडीत काढली. पण का बसलं? त्यात त्यांनी इंजिन घातलं जुन्या घराण्यातलं, कॉन्टिनेन्टलचं, १९५८ च्या सेसना १५० मधल्याचंच भावंड. विमान जड झालं, उचलायला कमी उरलं, किंमतही चढत गेली. जावई नवा आणला आणि सासऱ्याचा कोट घातला. यात दोष जावयाचा कसा?

आणि हलकेपणाला नावं ठेवण्याआधी काकांनी आपल्या डॉ. घाटग्यांना विचारायला हवं होतं. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत प्रांटलसारख्या गुरूच्या हाताखाली शिकला आणि बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्याने विमानं आखली. त्यांचं ‘पुष्पक’ १९५८ साली उडालं. दोन माणसं, नव्वद अश्वशक्ती, अंगावर कापड, भरलेलं वजन सहाशेच्या घरात. देशातल्या फ्लाइंग क्लबांनी पोरं शिकवली ती त्यावर. अमेरिकेने २००४ साली हलक्या विमानाची व्याख्या केली, तेव्हा तिथली म्हातारी पायपर कब तीत आरामात बसली. म्हणजे काका ज्याला पतंग म्हणतात तीच खरी जुनी परंपरा. जडपणा मधल्या काळातला.

सरकारी खात्याने तरी हे ओळखलं. २०१५ साली हवाई दल, नौदल आणि एन.सी.सी.साठी स्लोव्हेनियाहून १९४ हलकी विमानं घ्यायचा करार झाला. मूळ नाव ‘व्हायरस’, आपल्याकडे त्याचं ‘गरुड’ झालं. बारसं करणाऱ्याला नमस्कार. त्यात अख्ख्या विमानालाच पॅराशूट असतं. ‘भित्र्याचं काम,’ काका म्हणाले. ते स्वतः गच्चीवर वाळवणाचे पापड बघायला जातानाही कठडा धरतात.

हवेचं मात्र मी कबूल करतो. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे जी वावटळ उठते, तिच्यात हलकं विमान पाचोळ्यासारखं हलणार. मग पहाटे सहाला उडवा! विदर्भात मे महिन्यात शहाणा माणूस दुपारी भाजी आणायलाही बाहेर पडत नाही.

राहता राहिला प्रश्न, अशा विमानावर वैमानिक घडतो का. मुंबईच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये ‘माही’ नावाच्या हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. हे करणारी ती जगातली पहिली बाई. पुढे २०२१ साली जे.आर.डी. टाटांच्या १९३२ च्या पहिल्या टपाल उड्डाणाची आठवण म्हणून तिने त्याच जातीच्या विमानातून भुज ते जुहू मजल मारली. हे मी काकांना सांगितलं.

‘तिले वारा मांगून भेटला असंन,’ ते म्हणाले.

स्कॉटलंडहून कॅनडाकडे जाताना वारा बहुधा समोरूनच असतो. तेही सांगितलं. काकांनी पानाची पेटी उघडली आणि क्रिकेटचा विषय काढला.