जनरेटर मापाचा हवा

आर.व्ही. घेतली की चार दिवसांत सल्ले सुरू होतात. जनरेटरविषयीचा पहिला सल्ला बहुतेक वेळा ठरलेला असतो: ‘घ्यायचाच तर मोठा घ्या, साडेचार-पाच हजार वॅटचा. पुन्हा पुन्हा घेणं होत नाही.’ त्यामागून दुसरा येतो: ‘आवाज नको असेल तर होंडाच घ्या, स्वस्तातले सगळे बोंबलतात.’ आणि ज्यांच्या छतावर सोलर पॅनेल आहेत ते म्हणतात, ‘जनरेटर हवाच कशाला?’ हे तिन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात. तरी अमेरिकेत आर.व्ही. घेऊन मुक्कामाला निघणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांच्या बाबतीत ते मला चुकीचे वाटतात. आणि ही चूक घेणाऱ्याच्या खिशाला जेवढी भोवते, त्याहून जास्त शेजारच्या तंबूत झोपलेल्या माणसाला भोवते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दोन हजार वॅटच्या वर्गातला, पाचशे-सहाशे डॉलरचा इन्व्हर्टर जनरेटर बहुतेकांना पुरतो. तो शांत राहील की नाही, हे त्याच्यावर कोणाचं नाव आहे यापेक्षा आपण त्याच्यावर किती भार टाकतो यावर ठरतं.

याचं कारण यंत्राच्या पोटात आहे. बांधकामावर दिसतो तो उघड्या सांगाड्याचा जनरेटर मिनिटाला ३६०० फेऱ्यांनी फिरत राहतो, कारण अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची आणि या जनरेटरमध्ये ही वारंवारता थेट इंजिनाच्या वेगातून येते. दिवा एक लावा की दहा, इंजिन तेवढंच ओरडणार. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये तयार झालेली वीज आधी डी.सी. होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची ६० हर्ट्झची स्वच्छ ए.सी. बनवतं. इंजिनाचा वेग आणि वारंवारता यांची फारकत झाली, की भार कमी असताना इंजिन मंद चालू शकतं. इको मोडचं बटण त्यासाठीच असतं. ते चालू ठेवून नुसता बॅटरी चार्जर जोडला तर यंत्र एका सुरात गुणगुणत राहतं. आत कुणी मायक्रोवेव्ह लावला की इंजिन क्षणभर अडखळतं, मग आवाज सरसर चढतो आणि मायक्रोवेव्ह थांबेपर्यंत चढलेलाच राहतो. ‘१००० वॅटचा’ म्हणून विकला जाणारा मायक्रोवेव्ह प्रत्यक्षात १५०० वॅटच्या आसपास ओढतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

ज्या होंडाच्या शांतपणाची ग्वाही दिली जाते तिचेच आकडे पाहा. ईयू२२००आय हे मॉडेल पाव भारावर ४८ डेसिबल, पूर्ण भारावर ५७. मधला फरक ९ डेसिबलचा. दहा डेसिबल वाढले की माणसाच्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे हजार डॉलरहून जास्त मोजून आणलेलं यंत्रही पूर्ण भारावर चालवलं तर जवळजवळ दुप्पट मोठ्याने वाजतं. पाव भारावर ५२-५३ डेसिबलचा स्वस्त जनरेटर हलक्या भारावर ठेवला, तर पूर्ण ताणलेल्या होंडापेक्षा तो शेजाऱ्याला कमी जाचतो.

आता मोठ्या जनरेटरच्या बाजूने होणारा सगळ्यात वजनदार युक्तिवाद घेऊ, एअर कंडिशनरचा. छतावरचा १३,५०० बीटीयूचा ए.सी. चालताना १३०० ते १६०० वॅट घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीच्या घरात जातो. दोन हजारांचा जनरेटर त्या धक्क्याला मान टाकतो, हे खरंच आहे. पण ए.सी. लागतो कधी? झोपताना. आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटर चालवायला परवानगी आहे ती सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढीच, तीही जपून वापरायची. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ. तिथे पाच हजार वॅटचं धूड नेलं तरी रात्रीची एक मिनिटाची थंड हवा त्यातून मिळत नाही. मग चाळीस-पंचेचाळीस किलोचं ते ओझं डिकीतून उतरवायचं कशासाठी?

उंचीचा मुद्दाही याच मंडळींचा. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे साडेतीन टक्के घटते. योसेमिटीतलंच ट्युओलमी मेडोज ८६०० फुटांवर आहे. तिथे १८०० वॅटच्या यंत्रातून साडेबाराशेच्या आसपास हाती लागतात. म्हणून मोठा घ्या, असं ते सांगतात. पण एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातही रात्री रजई लागते, ए.सी.चं नाव कुणी काढत नाही. साडेबाराशे वॅटमध्ये चार्जर निवांत चालतो. मायक्रोवेव्ह चालणार नाही, तर गॅसवर दूध तापवावं.

हे गॅसचं मी सहज म्हटलेलं नाही. आर.व्ही.त प्रोपेनची टाकी असते, शेगडी असते, बऱ्याच गाड्यांचा फ्रीजही प्रोपेनवर चालतो. तरी आपल्या घरांतून इन्स्टंट पॉट बरोबर येतोच आणि खिचडी त्यातच शिजते. त्याचे १००० वॅट, बॅटरी चार्जर भरात असताना ९०० च्या आसपास, झाले १९००. जनरेटर कुरकुरतो आणि माणूस म्हणतो, मोठा घ्यायला हवा होता. तीच खिचडी कुकरमध्ये, शेगडीवर, तीन शिट्ट्यांत होते. जनरेटर विकत घेण्याआधी एका कागदावर आपली उपकरणं आणि त्यांचे वॅट लिहून काढावेत, आणि त्यातलं काय गॅसवर जाईल, काय एकाच वेळी चालवायचं नाही, हे ठरवावं. या कागदाने वाचवलेले पैसे कुठल्याही सेलमध्ये वाचत नाहीत.

ज्यांना ए.सी. खरोखर लागतो त्यांना मी उपदेश करणार नाही. बरोबर वयस्क आई-वडील असतात, तान्हं मूल असतं, आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या मोकळ्या सरकारी जमिनीवर उद्यानातल्यासारखं वेळापत्रक नसतं. त्यांनी ए.सी.ला सॉफ्ट स्टार्टर बसवावा. सुरुवातीचा धक्का त्याने इतका कमी होतो की समुद्रसपाटीच्या आसपास एक दोन हजारी जनरेटरही पुष्कळदा ए.सी. उचलतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा तसाच घेऊन दोन्ही पॅरलल जोडावेत. सारख्या आवाजाची दोन यंत्रं मिळून ३ डेसिबलच वाढतात, प्रत्येकाचं वजन वीस किलोच्या आसपास राहतं, आणि ए.सी. नको असेल तेव्हा एकच चालवता येतो. एक मोठा घेण्यापेक्षा हा मार्ग सरळ चांगला आहे. भर उन्हाळ्यात टेक्सास-फ्लोरिडात जाणाऱ्यांनी मात्र हुकअप, म्हणजे थेट वीजजोडणी, असलेली जागा घ्यावी. तिथे जनरेटरचा प्रश्नच मिटतो.

होंडावर माझा राग नाही. वर्षातले कित्येक महिने आर.व्ही.तच राहणाऱ्या, रोज तीन-चार तास यंत्र चालवणाऱ्या माणसाने ती किंवा यामाहा जरूर घ्यावी; सुटे भाग मिळतात, दुरुस्ती होते, विकताना किंमत येते. पण लाँग वीकेंडला आणि मुलांच्या सुट्टीत निघणाऱ्या कुटुंबाने दुप्पट पैसे का मोजावेत? चॅम्पियन, वेस्टिंगहाउस, वेन यांची याच वर्गातली यंत्रं चांगलं काम देतात. खोक्यावरचा मोठा आकडा तेवढा मनावर घेऊ नये. ‘२५००’ हा सुरू होतानाच्या क्षणाचा असतो. सतत मिळणारे वॅट बारीक अक्षरांत १८००-१८५० असे लिहिलेले असतात आणि खरेदी त्यावर करायची. डेसिबलचंही तसंच. तो आकडा बहुधा पाव भारावर, २३ फुटांवरून मोजलेला असतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून एकाचा २३ फुटांवरचा आणि दुसऱ्याचा ५० फुटांवरचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणं ही शुद्ध फसगत आहे.

स्वस्त जनरेटर बिघडतात ते बहुतेकदा हेळसांडीने. इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. ते कार्बोरेटरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलं की बारीक छिद्रं बुजतात, आणि पुढच्या मोसमात दोरी ओढून खांदा दुखतो. इंधनाचा कॉक बंद करून यंत्र आपोआप थांबेपर्यंत चालवावं, टाकीत उरलेल्या पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालावा, पहिलं तेल साधारण २० तासांनी बदलावं. प्रोपेनवरही चालणारं मॉडेल मिळालं तर उत्तम. ताकद थोडी कमी मिळते, पण प्रोपेन शिळं होत नाही. आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे धडधाकट यंत्रं दुकानात परत जातात: या छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल ग्राउंडला जोडलेला नसतो. आर.व्ही.चं संरक्षक उपकरण, म्हणजे ईएमएस, ग्राउंडचा दोष दाखवून वीज आत घेतच नाही. जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग बसवला की काम होतं.

सोलरवाल्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मी आनंदाने मान्य करतो. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, फोन यांना स्वच्छ उन्हात पॅनेल पुरतात आणि त्या दिवशी जनरेटर बाहेर काढूच नये. पण योसेमिटी व्हॅलीत उंच झाडांखाली गाडी लावली की पॅनेलवर ऊन किती पडतं? आणि १०० अँपियर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिटच्या जरा वर वीज, ए.सी. ती तासाभरात संपवतो. सोलर आणि जनरेटर यांची जोडी जमवली तर खरी मजा आहे. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज घेते, पुढचं सगळं रेंगाळत. सकाळच्या दोन तासांत जनरेटरने तो भराभरचा टप्पा उरकावा आणि रेंगाळणारा टप्पा दिवसभर सोलरवर सोडावा. यंत्र कमी चालतं आणि बॅटरीही पूर्ण भरते.

‘आमचा जनरेटर नियमात बसतो’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी नियम पुरता वाचावा. राष्ट्रीय उद्यानांची मर्यादा ५० फुटांवर ६० डेसिबल आहे. दोन हजारांच्या वर्गातला कुठलाही इन्व्हर्टर ती सहज पाळतो. पण त्याच नियमात पुढे म्हटलंय की आवाज त्या मर्यादेखाली असला, तरी जागा, वेळ, हेतू पाहता अवाजवी असेल तर तोही चालणार नाही. आपण ज्या शांततेसाठी शंभर मैल गाडी हाकत आलो, तिच्यासाठीच शेजारी आलेला असतो. तिच्यावर त्याचाही तेवढाच हक्क आहे.

शांत यंत्राच्या एका धोक्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. आवाज कमी म्हणून लोक जनरेटर खिडकीखाली, छपराखाली, गाडीला खेटून ठेवतात. पोर्टेबल जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने अमेरिकेत दरवर्षी सुमारे शंभर माणसं मरतात, असं इथला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो. या वायूला ना रंग, ना वास. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर रिमोट, ब्लूटूथ, बटण-स्टार्ट सोडून द्यावं, पण वायू वाढताच यंत्र बंद करणारा सेन्सर सोडू नये. तो सेन्सर यंत्राजवळची हवा तपासतो. गाडीत काय शिरलं हे त्याला कळत नाही. म्हणून आतला अलार्म दर मुक्कामाला बटण दाबून तपासावा, आणि जनरेटर किमान २० फूट दूर, धुराचं तोंड आपल्या आणि शेजाऱ्याच्या गाडीपासून वळवून ठेवावा. एवढ्या अंतरासाठी आर.व्ही.ची जाड, ३० अँपियरची २५ फुटी वायर लागते. ती नंतर घेऊ म्हणू नका. जनरेटरच्या बिलातच धरा.