पहिल्या पटकथेची थकबाकी

दिवाळीत हिवरखेडला गेलो होतो. अकोटच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं हे गाव. खंडव्याकडं जाणारी मीटरगेज गाडी पूर्वी इथं थांबायची. २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत, खताच्या पोत्यांचा वास नाकात घेत, आम्ही सहा जण जमलो होतो. सहाही जणांनी कधी ना कधी सिनेमा लिहिला होता आणि एकाचाही पडद्यावर आला नव्हता. ज्यानं त्यानं आपली पहिली पटकथा आणायची आणि तिच्यातले दोन प्रसंग न लाजता मोठ्यानं वाचायचे, असं ठरलं होतं. ही कल्पना बी.ए.ला असलेल्या एका मुलाची. त्याची पहिली पटकथा अजून लिहून व्हायची होती, म्हणून तो नुसता ऐकायला बसला.

निवृत्त शिक्षकांच्या वहीत मेळघाटातले डाकू निघाले. मेळघाट इथून उत्तरेला हाकेवर. पण गुरुजींचे डाकू घोड्यावर बसत आणि चंबळच्या हिंदीत बोलत. मोबाइलच्या दुकानवाल्याचा नायक अमेरिकेहून थेट हेलिकॉप्टरनं गावात उतरला. नायकांची नावं विक्रम, राहुल, आदित्य. आमच्या गावात त्या काळात या नावाचा एकही तरुण नव्हता. हसून हसून पुरेवाट झाली. हसणं ओसरल्यावर कृषी केंद्राचा मालक म्हणाला, "अजून एक पायलं काय? एकाच्याबी सिनेमात कापूस नाई."

तो सुटला नाही, कारण माझ्या पटकथेत कापूस होता. पण नायिकेच्या गाण्यामागं, देखावा म्हणून.

माझ्या पटकथेचं नाव 'थकबाकी'. १९८९ साली मी एका ग्रामीण शाखेत अधिकारी होतो. संध्याकाळी हिशेब जुळला, की शाखेच्याच टाइपरायटरवर बसायचो. दोनशे बारा पानं झाली. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा ढोबळ हिशेब मला ठाऊक नव्हता. कुणी हा सिनेमा काढलाच असता तर तो साडेतीन तास चालला असता. दर दोन पानांना 'कॅमेरा ट्रॉलीवरून पुढे सरकतो' असं लिहिलेलं. ट्रॉली मी फक्त ट्रॅक्टरच्या मागं लावलेली पाहिली होती. नायक अर्थातच तरुण शाखाधिकारी. तो शुद्ध, छापील मराठीत बोलतो आणि शेवटी मंत्रालयाच्या पायऱ्यांवर उभा राहून शेतकऱ्यांची कर्जं माफ करून घेतो. मुंबईच्या एका निर्मात्याला तिकिटं लावलेल्या परतीच्या लिफाफ्यासह हस्तलिखित पाठवलं. लिफाफाही परत आला नाही. पुढं १९९० साली केंद्र सरकारनं दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जं खरोखरच माफ केली आणि माझा शेवट, माझ्या मदतीशिवाय, बाद झाला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र नेता येत नाही. दोनशे बारा पानांत वऱ्हाडी बोलणारी माणसं तीनच: शिपाई, एक दारुडा आणि थकीत कर्जदार असलेला एक म्हातारा. तिघंही प्रेक्षकांना हसवण्यासाठी होते. ज्या बोलीत माझ्या आईनं मला जेवायला हाक मारली, ती मी माझ्याच हातानं नोकरांच्या तोंडी दिली होती. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. सिनेमात असंच असतं, अशी माझी समजूत होती.

त्याच वर्षी, त्याच शाखेत घडलेला एक प्रसंग मी लिहिला नाही. भर दुपारी एक बाई काउंटरवर आली. तिची सोन्याची पोत आमच्याकडं तारण होती. मला वाटलं, कर्ज फेडायला आली. ती म्हणाली, "सोडवाची नाई जी साहेब, पाहाची हाय निस्ती. मायची हाय." तारणाचं पाकीट मोहोरबंद असतं आणि तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक माझ्याकडं, दुसरी कॅशियरकडं. पाकीट फोडलं तर नोंद करायची, सराफाला बोलवायचं, पुन्हा मोहोर लावायची. नियमाप्रमाणं नाहीच म्हणायला हवं होतं. कॅशियरनं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. पाकीट उघडलं. तिनं पोत हातात घेतली नाही. बोटानं एकेक मणी मोजला, पदराला हात पुसले आणि "ठिवा जी" म्हणून गेली. त्या संध्याकाळी मी टाइपरायटरवर बसून मंत्रालयाच्या पायऱ्यांचा प्रसंग लिहिला.

आपलं दार सोडून आम्ही सगळे चंबळला आणि अमेरिकेला का गेलो? एक कारण सरळ आहे. सिनेमा म्हणजे गावातून बाहेर पडणं, असंच आम्ही जत्रेतल्या तंबूत बसून शिकलो. दुसरं कारण जरा खोल आहे. आपलं जगणं लिहिण्याजोगं आहे, हे आधी कुणीतरी लिहून दाखवावं लागतं. आमच्याकडं तेही झालं होतं. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली आली, त्याच बोलीत, आणि तिथं ती हसवायला आलेली नव्हती. आम्ही ती वाचली, वाखाणली आणि लिहायला बसलो तेव्हा पुन्हा डाकूंकडं वळलो.

गेल्या वीस वर्षांत ज्यांच्या पहिल्या पटकथा टिकल्या, ते मात्र घराजवळच थांबलेले दिसतात. मंगेश हाडवळेंच्या 'टिंग्या'त (२००८) एक पोरगं आणि जायबंदी झालेला, खाटकाकडं जाऊ घातलेला बैल. नागराज मंजुळे तेव्हाच्या अहमदनगरला शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, शाळेकडं डोळे लागलेल्या मुलाचा. पुढं 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ती ऐकली. आपल्याकडचं उदाहरण सतीश मनवरांच्या 'गाभ्रीचा पाऊस'चं (२००९). शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली म्हणून एक बायको धास्तावते आणि आपल्या नवऱ्यावर लक्ष ठेवायला पोराला मागं लावते. यात हसू आहे आणि ते गळ्यात अडकतं. हाही त्यांचा पहिलाच चित्रपट. टीव्हीवर भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी घराघरांत नेली, याचा मला आनंदच आहे. तक्रार एवढीच, की आमची बोली ऐकू आली की लोक हसायच्या तयारीनं बसतात, आणि आम्हीही तसंच लिहितो.

या बाबतीत दादासाहेब फाळके मला बँकवाल्याच्या नजरेनं फार आवडतात. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला. त्याआधी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं होतं आणि परतल्यावर भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून एक इवलासा चित्रपट केला. कुंडीत वाटाणा पेरला आणि कोंब कसा वाढतो ते दिवसागणिक टिपलं. पुढं सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. माझ्या टेबलावर हे प्रकरण आलं असतं तर मी नामंजूर केलं असतं, हेही कबूल करतो. पण देवादिकांचा सिनेमा काढायला निघालेल्या या माणसाची पहिली पटकथा घरातल्या कुंडीवर होती.

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. ट्रॉली लागत नाही, निर्माता लागत नाही, परतीचा लिफाफाही लागत नाही. त्यामुळं पहिली फसलेली पटकथा लिहिणं सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. त्या बी.ए.च्या मुलानं मोबाइल पुढं केला. यंत्राला दोन ओळी सांगून त्यानं पंचवीस पानं लिहवून घेतली होती. शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं, प्रसंग नीट मांडलेले, ट्रॉलीचा उल्लेख नाही. त्यातला हिवरखेडचा शेतकरी आपल्या बायकोला म्हणत होता, "तू काळजी करू नकोस, मी काहीतरी मार्ग शोधेन." खोलीत कुणी हसलं नाही. मुलगाच म्हणाला, "काका, चुकलं काईच नाई, पण हे कोणी बोललंच नाई."

२०२३ साली अमेरिकेतल्या पटकथालेखकांनी १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत मोबदल्याबरोबर यंत्राकडून लिहवून घेण्याचाही प्रश्न होता. त्यांची भीती पोटाची होती आणि ती रास्त आहे. आमच्याकडं पटकथेवर कुणाचं पोट नाही, म्हणून हा प्रश्न आमचा नाही असं वाटू शकतं. मला उलट वाटतं. माझ्या 'थकबाकी'त मी खोटा कुठं लिहिलं ते मला आज ओळ दाखवून सांगता येतं, कारण ती ओळ माझी आहे. या मुलाला वीस वर्षांनी मागं वळून पाहायचं झालं तर ती पंचवीस पानं काय सांगतील? लाजायलाही स्वतःचं काही लागतं. शिवाय छापील मराठीत रुळलेल्या या यंत्रानं लिहिलं तर जे मी नकळत केलं तेच ते सफाईनं करत राहील.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा रिद्धपूरचं नाव पुष्कळदा घेतलं गेलं. अमरावती जिल्ह्यातल्या त्याच गावी तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. ते उघडून पाहावं. कोण कुठं होतं, कोण आलं, काय बोललं, मग काय झालं. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्या माणसांकडं जाऊन, विचारून, पडताळून घेतलेलं बोलणं. पटकथालेखकाला याहून वेगळं काय करायचं असतं? आणि हे वऱ्हाडातच झालं.

हे मी त्या खोलीत बोललो तर गुरुजी म्हणाले, "तुमी भाषण नका देऊ, तो पोतीचा किस्सा सांगा पुन्हा." मी पुन्हा सांगितला. मुलानं मोबाइल बाजूला ठेवून कृषी केंद्राच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहून घेतलं.

"मंग सोडवली काय तिनं पोत?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही. मार्चनंतर माझी बदली झाली. खातं तेव्हा चालूच होतं."

"मी लिहू काय हे?"

मी म्हटलं, लिही. तो जिना उतरायला लागला तेव्हा मला आठवलं आणि वरून ओरडून सांगितलं, की तिजोरीच्या किल्ल्या दोन असतात.