एकाच दारापुढची रांग

जून २०२३मध्ये चीनच्या शहरांत १६ ते २४ वयोगटातली बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि त्यानंतर काही महिने सरकारने हा आकडा देणेच थांबवले. तिथले पदवीधर मोठ्या संख्येने सरकारी नोकरीच्या परीक्षांकडे वळत आहेत. नाशिककरांना हे चित्र परके नाही. निफाड-चांदवडकडची मुले अभ्यासिकांमध्ये राज्यसेवेची, पोलीस भरतीची तयारी करत ऐन उमेदीची वर्षे घालवतात. त्यांना दिशा नाही, असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते आपणच त्यांच्यापुढे एकच दिशा ठेवली आहे.

जिल्ह्यात वाटा कमी आहेत का, असे कोणी विचारेल. सातपूर-अंबडला कारखाने आहेत, ओझरला विमाने बनतात, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांची द्राक्षे परदेशी पोचवली. खरे आहे. पण कारखान्यात बहुधा कंत्राटी काम मिळते आणि एक गारपीट द्राक्षबागेचे वर्षभराचे कष्ट मातीत घालते. शेती करणाऱ्या मुलाला लग्नासाठी नकार येतो, तो वेगळाच. अशा वेळी कायम पगाराची ओढ हा आळस नव्हे, रास्त हिशेब आहे. तो बदलायचा तर उपदेश पुरणार नाही. इतर कामांतही स्थैर्य आणि मान आणावा लागेल. काम करता करता शिकण्याची सोय १९८९पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या रूपाने आपल्या दारात आहे. उद्योजकांनी अशा शिकणाऱ्यांना कायम नोकरी द्यावी आणि पालकांनी परीक्षेत अपयश आलेल्या मुलामुलींना दुसरी वाट निवडण्याची मोकळीक द्यावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.